शिगेची थकबाकी

बोरवंड गावाच्या पेठेत धान्याची गल्ली संपते तिथे एक जुनी चिंच होती. श्री विमलगिरी महाराज फिरत फिरत गावात आले, त्या चिंचेखाली घोंगडी टाकून बसले, आणि मग तीच त्यांची जागा झाली. मठ नाही, गादी नाही. कोणी भाकरी दिली तर खावी, नाही दिली तर पाणी पिऊन नाम घ्यावे. समोरच गोजराबाई भडभुंजिणीची भट्टी होती. कढईतली वाळू तापली की पहिल्या घाण्यातले ओंजळभर चुरमुरे ती महाराजांपुढे ठेवी, आणि मगच विक्रीला बसे.

या भट्टीवर कर्ज होते. गोजराचा नवरा भिवा दुखण्याने अंथरुणाला खिळला, त्या काळात नागोजीशेट आडत्याकडून चुरमुऱ्यांसाठी भात उधार आणावे लागले. भिवा गेला, कर्ज मागे राहिले. शेटने गोजराची मोठी कढई गहाण म्हणून उचलून नेली आणि पेठेतल्या चार वडीलधाऱ्यांसमोर ठराव केला. गोजराने दर बाजाराला दोन पायल्या चुरमुरे शेटच्या दुकानी घालायचे. तिसऱ्या दिवाळीच्या बाजाराला कर्ज फिटेल, कढई मोकळी होईल.

गोजरा लहान कढईवर राबली. एक बाजार चुकवला नाही. माप शेटचे आणि मोजणाराही शेटचाच. लिंबाजी मापाडी पायली भरी, काठावरून हात फिरवून ती सपाट करी आणि "लाभ" असे ओरडून पोत्यात ओती. पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायची त्या पेठेची रीत. हा लाभ नेमका कोणाचा, असे गोजराच्या मनात दर वेळी येई. पण ती बोलत नसे.

तिसऱ्या दिवाळीचा बाजार उजाडला. गोजरा धुतलेले लुगडे नेसून दुकानी आली. लिंबाजीने शेवटची पायली भरली आणि सवयीने हात उचलला, तशी ती म्हणाली, "थांब दादा! आजची शेवटची. आज हात नको फिरवू."

आणि तिने आपल्या सुपातले चुरमुरे दोन्ही हातांनी घालून, काठाच्या वर निमुळता ढीग करून, पायलीवर छान शीग चढवली. देणे फिटल्याच्या आनंदात असे शिगेचे माप घालावे, असे तिच्या सासूने तिला शिकवले होते.

"गोड मानून घ्या शेट," ती हसून म्हणाली. "आता कढई द्या माझी."

नागोजीशेट त्या शिगेकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "गोजरे, हे वर काय घातलंस?"

"शीग, शेट."

"म्हणजे माप शिगेचं असतं, हे तुला ठाऊक होतं तर! मग आजवर सपाट मापं घातलीस, त्या सगळ्या शिगा कुठं गेल्या? केवढी थकबाकी झाली ही! ती आण, मग कढईचं बोल. जमत नसेल तर भट्टीची जागा लिहून दे."

गोजरा पुढे झाली. "सपाट तर तुमच्याच माणसानं केलं! मी आज खुशीनं घातलं, शेट. तेच माझ्या गळ्यात बांधता?"

"खुशी घरी ठेवायची. हा व्यवहार आहे."

ठरावाचे चारही साक्षीदार तिथेच उभे होते. गोजराने एकेकाकडे पाहिले. एकजण ज्वारी हातावर घेऊन निरखू लागला. दुसऱ्याला पागोटे नीट करायचे सुचले. बाकीच्या दोघांनी पाठ फिरवली.

"जा, जा," शेट हसला. "तुझ्या त्या चिंचेखालच्या गोसाव्याला सांग. रोज फुकटचे चुरमुरे चावतोय, फेडेल तुझी बाकी!"

गोजराला महाराजांकडे जावेच लागले नाही. महाराज स्वतःच उठून आले होते. त्यांना रागावलेले कोणी कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी मात्र पेठेने ते पाहिले.

"लिंबाजी," महाराज म्हणाले, "भिवाच्या दुखण्यात शेटचे भात उधार मोजून दिलेस, ते माप कसे होते?"

लिंबाजीची मान खाली गेली. "सपाट होतं, महाराज."

"तू गप रे!" शेट खेकसला.

"गप तो आजवर होताच," महाराज म्हणाले. "नागोजी, शीग राहिली म्हणतोस?"

"राहिलीच आहे."

"मग घे. पण माप तू धर. तुझे समाधान झाले की पुरे म्हण. त्याआधी ही थांबणार नाही."

शेटने सुपात डोकावून पाहिले. तळाला मूठ-दोन मुठी उरल्या होत्या. त्याने हसत हसत ती भरलेली पायली उचलून धरली.

"महाराज, सूप आत्ता रिकामं होईल," गोजरा म्हणाली.

"बाळ, तू ओत. सुपाकडे बघू नकोस."

पुढचे यथास्थित वर्णन करणे आमच्या लेखणीला झेपणारे नाही. पाहणाऱ्यांनी सांगितले तेवढेच येथे देतो. गोजरा सुपातून ओतत राहिली आणि सूप रिते होईना! पायलीवरची शीग वीतभर झाली, हातभर झाली, शेटच्या कपाळाला लागली, तरी एक दाणा खाली पडेना. शेटने पुरे म्हटले नाही. आता पुरे म्हटले तर भट्टीची जागा हातची जाणार होती.

फुंकरीने उडणारे ते चुरमुरे. पण शेटचे हात खाली येऊ लागले. गुडघे वाकले. पायली ओट्यावर टेकवायला गेला, तर हात वळेनात, बोटे सुटेनात.

गोजरा आधी घाबरली होती. मग तिची भीती गेली आणि इतके दिवस गिळलेला राग वर आला.

"घ्या शेट! ही पावसाळ्यातली. सरपण ओलं होतं, डोळे सुजले होते, तरी घातली होती. ही घ्या, भिवाच्या वर्षश्राद्धाच्या दिवशीची. तोंडात घास न घालता इथं आले होते मी. आणि ही, लेकीला ताप होता त्या दिवसाची. धरा, नीट धरा! वाकता कशाला? तुमचीच थकबाकी आहे ना?"

"पुरे!" शेट किंचाळला. "पुरे गं बाई, पुरे!"

त्याच क्षणी सूप रिकामे झाले. शीग ढासळली आणि सारी गल्ली पांढरी झाली.

"काय पुरे?" महाराजांनी विचारले. "पेठेला ऐकू जाऊ दे."

"बाकी नव्हतीच," शेट धापा टाकत म्हणाला. "जागेचा लोभ सुटला. मी खोटं बोललो. तिचं सगळं फिटलं."

महाराज त्या चार साक्षीदारांकडे वळले. "आणि तुम्ही? ठरावाला मान हलवायला तयार, आणि आज शब्द काढायचा तर पाठ फिरवली! याने लोभाने पाप केले. तुम्हाला तर त्यातून काही मिळणारही नव्हते."

कोणाच्याने वर बघवेना.

शेट महाराजांच्या पायांवर पडायला पुढे झाला. महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझे काय घेतले होतेस तू? जिचे घेतलेस तिच्यापुढे जा."

नागोजीशेटने पगडी काढली आणि गल्लीत, चुरमुऱ्यांतच, गोजराच्या पायांवर डोके ठेवले. गोजरा असू द्या म्हणाली नाही. थोडा वेळ तिने त्याला तसेच राहू दिले.

"उठा," ती मग म्हणाली. "कढई काढा. लिंबाजीदादाला हाक मारू नका. तुम्ही नेली होती, तुम्हीच आणून द्या."

शेटने ती जड, काळी कढई आपल्या बोडक्या डोक्यावर घेतली. सारी पेठ दोन्ही बाजूंना उभी राहून पाहत होती. कोणी हसले नाही. त्याने ती चिंचेसमोर नेली, भट्टीवर नीट बसवली, हलत नाही ना ते पाहिले. मागे महाराज होते, शेजारी गोजरा उभी होती. नागोजीशेट त्या भट्टीच्या राखेपुढे वाकला, आणि त्याला लवकर उठवेना.