पुतळाआत्याची फेरी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे वेशीवरचा पिंपळ ज्या काळी एका ओंजळीत मावत होता त्या काळी, तांबखडी गावात पुतळाआत्या नावाची सुईण राहत असे. गावातील निम्मी माणसे तिच्या हातांवर जन्माला आली होती. आपल्यासारखी सुईण पंचक्रोशीत नाही, हे ती स्वतःच सर्वांना सांगत असे. आणि ते खरे असल्यामुळे त्यावर कोणी हरकत घेत नसे. असे म्हणतात, की बाळाच्या नुसत्या रडण्यावरून ती ओळखे, की त्याला भूक लागली आहे, पोट दुखते आहे, की केवळ आजीच्या मांडीवर जायचे आहे.

त्याच गावात धुळाप्पा नावाचा एक म्हातारा मेंढपाळ येऊन राहिला. त्याचा सारा जन्म माळामाळाने मेंढरे चारण्यात गेला होता. उतारवयात त्याची दृष्टी गेली, मेंढरे पुतण्यांकडे गेली, आणि त्याच्याजवळ उरला तो हरण्या नावाचा एक कुत्रा. हरण्या अंगाने वासराएवढा होता. धुळाप्पाला विहिरीवर नेणे, देवळात नेणे, वाटेत बैल आडवा आला तर त्याला थांबवणे, ही सर्व कामे तोच करी. उरलेला दिवस मात्र तो कडुनिंबाला बांधलेला असे आणि झोपून काढी.

रात्र झाली, की हरण्या भुंकू लागे.

ते भुंकणे साधे नव्हते. असे म्हणतात, की त्या आवाजाने शिंक्यावरच्या दुधाला आपोआप विरजण लागे, आणि नदीपलीकडच्या गावातील लोक अंथरुणातूनच "आलो, आलो" म्हणून उत्तर देत. तांबखडीकरांनी यावर आपला एक उपाय काढला होता. हरण्या भुंकला, की प्रत्येक घरातून कोणीतरी "गप" म्हणून ओरडे आणि भाकरीचा एक तुकडा त्याच्या दिशेने भिरकावी. तुकडा खाईपर्यंत हरण्या गप्प बसे आणि मग अधिक उत्साहाने भुंके. त्यामुळे गावाची झोप उडाली, पिठाचे डबे रिकामे झाले, आणि हरण्या तेवढा गुटगुटीत झाला.

शेवटी केरबा पाटलांच्या मुलीला पाहायला पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी विचारले, "पाटील, मुलगी स्वयंपाकात कशी आहे?" तेव्हा रात्रभर जागलेले पाटील लोडाला टेकून घोरत होते. पाहुणे पोहे अर्धवट टाकून उठून गेले.

दुसऱ्याच दिवशी चावडीवर पंच बसले. पाटलांनी निर्णय दिला, की अमावास्येला एक मेंढपाळांचा तांडा घाटापलीकडे जाणार आहे, त्याच्याबरोबर हरण्याला पाठवून द्यावे.

धुळाप्पा काठी टेकत उभा राहिला. "पाटील, पाठवा. पण शिदोरी दोघांची बांधा. त्याच्याशिवाय मला माझं दारसुद्धा सापडत नाही. इथं राहून मी करू काय?"

घाटाची वाट त्या म्हाताऱ्याला झेपणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

पुतळाआत्या पदर खोचून पुढे आली. "केरबा, अमावास्येपर्यंत हा कुत्रा माझ्या हाती दे. मी त्याला गप्प करते."

"आत्या, तू सुईण आहेस. कुत्र्यातलं तुला काय कळतं?"

"तुझ्या जन्मानंतर पहिले तीन महिने तू याच आवाजात रडत होतास. तेव्हा तुला कोणी घाटापलीकडे पाठवलं नाही."

चावडी हसली. पाटलांनाही हसू आवरले नाही. "बरं. पण अमावास्येच्या संध्याकाळी जरी तो भुंकला, तरी दोरी तांड्याच्या हाती जाईल."

"तो भुंकला, तर दोरी धरून घाटापर्यंत मीच जाईन," आत्या म्हणाली.

तिने पहिला हुकूम गावालाच केला. रात्री कोणीही ओरडायचे नाही आणि भाकरीही टाकायची नाही. "अरे, तुम्ही ओरडता तेव्हा त्याला वाटतं, सारं गाव आपल्या जोडीनं भुंकतंय. वर मजुरी म्हणून भाकरी मिळते. मग तो काम सोडील कशाला?"

हुकूम पाळला गेला, आणि हरण्या दुप्पट भुंकला. आज भाकरी का येत नाही, याचा जाब तो घराघराला विचारत होता. सकाळी पाणवठ्यावर बायकांनी आत्याला टोमणे मारले. "आत्या, तुमचं औषध लागू पडलं हो. आता तर तो दोन सुरांत गातो." आत्या म्हणाली, "बाळाचं अंगावरचं दूध तोडताना ते आधी जास्तच रडतं. धीर धरा." आणि खरोखरच, थोड्या दिवसांत भाकरीसाठीचे भुंकणे ओसरले.

मग तिने हरण्याला कडुनिंबापासून सोडवले आणि धुळाप्पाची कामे आटोपल्यावर दिवसा गुरांबरोबर माळावर धाडले. जो दिवसभर झोपतो तो रात्री जागणारच, हे तान्ह्या बाळांनी तिला केव्हाच शिकवले होते. थकलेला हरण्या आता आणखी कमी भुंकू लागला. तरीही काळोख पडला, की तो उठे, चारी दिशांना पाही, आणि मधूनमधून आर्त स्वरात भुंके. या स्वराचा अर्थ मात्र आत्याला लागेना.

ती धुळाप्पाच्या ओट्यावर जाऊन बसली. "दादा, माळावर असताना हा अंधार पडल्यावर काय करायचा?"

धुळाप्पाचा चेहरा उजळला. "मेंढरं वाघरात, जाळीच्या कुंपणात कोंडली, की हा भोवती एक फेरी मारायचा. एकेकीचा वास घ्यायचा. सगळी आहेत अशी खात्री झाली, की माझ्या पायाशी येऊन पडायचा. मग लांडग्याची चाहूल लागल्याशिवाय आवाज नाही."

"आणि इथं त्याची मेंढरं कुठं आहेत?"

असे विचारता विचारताच आत्या उठली. "अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "हा हाका मारतोय. सगळे घरी आलात का, असं विचारतोय, आणि आपण त्याला गप म्हणतोय."

त्या संध्याकाळी दिवे लागताच आत्याने हरण्याची दोरी हाती घेतली आणि त्याला प्रत्येक उंबऱ्यावर नेले. घरातील माणसांना तिने बाहेर बोलावले आणि हरण्यापुढे हात धरायला लावले. गावाला मोठी गंमत वाटली.

"आत्या, माझा वास घेऊन झाला का?" एका पैलवानाने विचारले.

"तुझा मागच्या गल्लीतच आला होता. उद्यापासून आंघोळ करून उभा राहा."

फेरी संपली. हरण्या धुळाप्पाच्या पायाशी आला, त्याने एक लांब सुस्कारा टाकला, आणि तो झोपला. असे म्हणतात, की त्या रात्री तांबखडीत इतकी शांतता पसरली, की लोकांना सवय नसल्यामुळे झोपच येईना.

असे करता करता अमावास्या उजाडली. तांडा वेशीबाहेर येऊन थांबला. संध्याकाळी आत्या फेरीला निघाली, तेव्हा सारे गाव तिच्या मागे होते. हरण्या एकेका उंबऱ्यावरून मुकाट्याने पुढे सरकत होता. अखेर पाटलांचे घर आले. पाटलीणबाई, मुलगी, गडीमाणसे, सर्वांनी हात पुढे केले. हरण्याने सर्वांचा वास घेतला. पण तो पुढे सरकेना. त्याने मान वर केली आणि तो भुंकला.

धुळाप्पाच्या हातातील काठी खाली पडली.

"संपलं," गर्दीतील कोणीतरी म्हणाले. आत्याने तिकडे लक्षच दिले नाही. तिने पाटलीणबाईंना विचारले, "केरबा कुठं आहे?"

"ते दुपारीच तांड्याकडे गेलेत."

दोरी घ्यायला आलेल्या तांड्याच्या नाईकाने नकारार्थी मान हलवली. पाटील तिकडे आलेच नव्हते.

आत्याने दोरी सोडून दिली. हरण्या घराला वळसा घालून परसात धावला आणि पेवाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा खोल खड्डा. आतून घोगरा आवाज आला, "कोणी आहे का रे?"

पाटील रिकामे पेव तपासण्यासाठी उतरले होते. शिडी मोडली आणि ते आतच अडकले. दुपारपासून ते ओरडत होते. दोरखंड सोडून त्यांना वर काढले, तेव्हा त्यांच्या पागोट्यात भाकरीचे दोन तुकडे होते.

"शेजारच्या परसातून आले," पाटील धापा टाकत म्हणाले. "मी जिवाच्या आकांतानं ओरडतोय, आणि वरून कोणीतरी म्हणतंय, 'गप'."

शेजारीण पदरात तोंड लपवून म्हणाली, "जुनी सवय, पाटील. मला वाटलं, हरण्याच आहे."

असे म्हणतात, की त्या वेळी गाव जे हसले, ते हसू घाटापलीकडे ऐकू गेले. पाटील स्वतः धुळाप्पाजवळ गेले, खाली पडलेली काठी उचलून त्यांनी त्याच्या हातात दिली, आणि म्हणाले, "तुमची शिदोरी आमच्याच घरी सोडा. आजपासून या गावात भुंकणाऱ्याला आधी कारण विचारलं जाईल." तांडा हरण्याशिवायच घाट चढून गेला.

पुढे पुतळाआत्याची कीर्ती दूरवर पसरली. असे म्हणतात, की परगावची खोडकर कुत्री आपणहून तिच्या अंगणात येऊन रांगेत बसत, आणि तिने डोक्यावर हात ठेवताच एक बिबट्यासुद्धा पेंगू लागला होता. ती पुष्कळ जगली. तिने देह ठेवला त्या रात्री पंचक्रोशीतील एकही कुत्रे भुंकले नाही.

तांबखडीत आजही दिवे लागले, की पुतळाआत्याची फेरी निघते. दोरी धरण्याची पाळी घराघरांत फिरते. गावाचा कुत्रा उंबऱ्यावर येतो, घरातील वडीलधारे माणूस हात पुढे करून म्हणते, "सगळे आहेत." कोणी परगावी असेल, तर तेही खरेखरे सांगावे लागते; कुत्र्याशी खोटे बोलणे तेथे फार वाईट समजतात.

गल्लीच्या टोकाला आत्याचे घर आहे. तेथे आता कोणी राहत नाही. तरीही कुत्रा तेथे थांबतो, उंबरा हुंगतो आणि वर पाहतो. तेव्हा ज्याच्या हाती दोरी असेल, तो खाली वाकून हात पुढे करतो आणि म्हणतो, "आहे." मग कुत्रा पुढे चालू लागतो.