हाकेवरचं तळं

माणसांनी अजून रस्ते पाडले नव्हते, तेव्हा एक तळं आटलं. घारीनं वरून पाहून वाळूवर नकाशा काढला. म्हणाली, "नवं तळं हाकेवर आहे. सरळ जा."

कासवीण पिल्लं घेऊन निघाली, तर मध्ये उभा कडा. तशीच परत फिरली.

"कुणाच्या हाकेवर गं बाई? तुझ्या की माझ्या?"

"नकाशा बरोबर आहे माझा."

"असेल. पण तो पंखवाल्यांचा आहे. इथं माझी पिल्लं सुकतायत. खाली उतर आणि चालून बघ."

घार फणफणत उतरली. कड्याला वळसा घालताना तिचे पाय पोळले. मग तिनं सावलीसावलीनं जाणारा दुसरा नकाशा काढला. त्यात तळं पार लांब गेलं.

त्या लांबच्या तळ्यात दिवस मावळायच्या आत पिल्लं डुंबत होती.