दाराचा तुकडा

एका गावात नकाशे काढणारा एक म्हातारा राहत होता. फार शिकलेला, आणि आपली चूक निघेल म्हणून तितकाच धास्तावलेला. दर दिवाळीला तो एका फळीवर आपल्या घराचं चित्र रंगवी. मुलगा करवतीने त्याचे शंभर तुकडे करी, आणि पाडव्याला सगळं घर सतरंजीवर बसून ते जुळवी. चित्र पुरं होईपर्यंत फराळाला कोणी हात लावायचा नाही, असा नियम.

शेवटचा तुकडा नेहमी म्हाताऱ्यालाच सापडे. कारण आदल्या दिवशी तो एक तुकडा गुपचूप काढून ठेवी आणि शेवटी "हा बघा, सतरंजीखाली!" म्हणत ऐटीत बसवी.

त्या वर्षी नव्याण्णव तुकडे बसले. दाराच्या जागी भोक राहिलं. तुकडा आपणच काढून ठेवलाय, हे या वेळी म्हातारा साफ विसरला होता.

"काल केर कोणी काढला?" तो गरजला.

"मी, मामंजी," नवी सून म्हणाली. तिची या घरातली पहिलीच दिवाळी.

"म्हणजे गेला उकिरड्यावर!"

"केर मी बघून टाकला. त्यात तुकडा नव्हता."

"बारा वर्षांत एक तुकडा हरवला नाही. बाहेरचा हात लागला आणि दारच गेलं!"

आपणच तर ठेवला नाही ना, अशी शंका त्याला चाटून गेली. पण शंका आली की तो आणखी मोठ्याने ओरडे. "जा, शोधून आण! त्याशिवाय आत यायचं नाही!"

मुलगा चकल्यांच्या डब्याकडे बघत राहिला. सून पदर खोचून उकिरड्यावर गेली.

ओरडून म्हाताऱ्याला घाम फुटला, चष्मा धुरकटला. फडकं काढायला त्याने चष्म्याची डबी उघडली, तर आत दार! बायको बघत होती. तरी त्याने तुकडा हळूच सतरंजीखाली सरकवला आणि ओरडला, "सापडला! इथेच होता!"

सून उंबऱ्याबाहेरच थांबली. हात कोपरापर्यंत काळे.

"सतरंजीखाली मी जाण्याआधी तीनदा पाहिलं होतं, मामंजी. खरं सांगा. नाहीतर माझं माहेर दोन कोसांवर आहे, मी अशीच निघते."

म्हाताऱ्याची मान खाली गेली. "माझ्या डबीत होता. मीच ठेवला होता. दर वर्षी मीच ठेवतो."

"मला ठाऊक होतं," त्याची बायको म्हणाली. "मी दर वर्षी नुसती हसत राहिले, ती माझी चूक."

सून नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही? चकल्या मोजत होतात?"

तिने हात धुतले, तुकडा उचलला आणि पदराच्या गाठीत बांधला. "हा मी पुढच्या पाडव्याला बसवीन. तोवर चित्र असंच भिंतीवर राहील. फराळ मात्र आत्ताच वाढते."

वर्षभर येणारा-जाणारा विचारी, "अहो, घराला दार नाही?" आणि दर वेळी म्हाताऱ्याला ते का नाही, हे पहिल्यापासून सांगावं लागे.

तात्पर्य: वस्तू हरवली तर आधी स्वतःचा खिसा तपासावा, आणि आरोप चारचौघांत केला असेल, तर कबुलीही चारचौघांतच द्यावी.