चार कोपरे

"महाराज, बाजू कुठे आहेत?"

सुदामने हे विचारलं ते विचारायचं म्हणून नव्हे, चूक दाखवायची म्हणून.

दुसऱ्या दिवशी थोरल्या महाराजांची पुण्यतिथी. पंगतीआधी त्यांच्या नावाचं पान मांडायचं आणि भोवती रांगोळी घालायची, ही गिरणाकाठच्या त्या मठाची रीत. वर्षानुवर्षं ती रांगोळी थोरल्यांचे शिष्य केशवगिरी घालत आले होते. आता त्यांचा हात थरथरू लागला होता, आणि हा मान आपल्यालाच मिळावा म्हणून त्यांच्या तरुण शिष्याचा, सुदामचा, जीव टांगणीला लागला होता. तशी पोराच्या बोटांत जादू होती. फक्त ती आहे हे तो कुणाला विसरू देत नसे.

आज केशवगिरींनी नमुना म्हणून ओसरीवर चार कोपरे तेवढे काढले होते. कोपऱ्याला कोपरा कुठेच जोडलेला नव्हता.

"बाजू काढल्याच नाहीत," केशवगिरी म्हणाले.

"मग चौकोन अर्धवट राहिला."

"राहिला?"

"मध्ये नुसती कोरी जमीन आहे, महाराज! द्या इकडे. वेलबुट्टीसकट पुरा करून देतो. बघणाऱ्याचे डोळे दिपतील."

"...बरं. रांगोळीची वाटी पलीकडे कोनाड्यात आहे. घेऊन ये."

सुदाम तरातरा निघाला. ओसरी अरुंद. कोपऱ्यांपाशी आला तसं त्यानं धोतर आवरलं, भिंतीला पाठ लावली आणि अंग चोरून कडेकडेनं पलीकडे गेला. वाटी घेतली. तसाच कडेकडेनं परत आला. पाठीला चुना लागला, तेही त्याला कळलं नाही.

केशवगिरी बघत होते.

"कोऱ्या जमिनीवरून सरळ का नाही आलास?"

"असं कसं, महाराज! थोरल्यांच्या पानावर पाय..."

सुदाम थांबला. मागे वळून पाहिलं. पान नव्हतं. पाट नव्हता.

त्याला स्वतःची लाज वाटली, आणि का कोण जाणे, भरूनही आलं. त्यानं वाटी केशवगिरींच्या पायाशी ठेवली.

"मग उद्या मी..."

केशवगिरींनी वाटी उचलून त्याच्याच हातात दिली.

"उद्या तूच काढ. पण ज्यांना आत्ता वाट दिलीस, त्यांना विचारून काढ."