पारूचं भगदाड

नव्या तळमुंगीत चौदा ओळी आहेत आणि सगळी घरं एकाच मापाची. पण कुठल्याही घराच्या मागं जाऊन बघा, भिंतीला छातीच्या उंचीवर एक भगदाड दिसेल. चौकट नाही, गिलावा नाही. पहारीनं फोडलेलं, वेडंवाकडं. त्याला आम्ही पारूचं भगदाड म्हणतो. माझ्या आजेसासूनं सांगितलं तसं सांगते.

जुनं गाव धरणात गेलं, तेव्हा वरून एक नकाशा आला म्हणे. दारं सगळी उगवतीला, मागची भिंत बंद, ओटा नाही. चिठ्ठ्या टाकून घरं वाटली. जुन्या गावी ज्यांच्या भिंती एकीला एक लागून होत्या, ते इथं दहा-दहा ओळींनी लांब पडले.

पारूची सासू ठकूबाई दोन्ही डोळ्यांनी आंधळी होती. जुन्या गावात ती एकटी फिरायची. कासाराच्या ओट्याला हात लागला की डावीकडं, पायाखाली उतार आला की आपलं घर. वाटेत बसलेल्या बायका म्हणायच्या, "ठकूआत्या, दगड हाय, जपून." इथं हाताला लागेल ती भिंत सारखीच, आणि दारात कुणी बसलेलं नाही. बसायला जागाच ठेवली नव्हती.

ती महिनाभर घरात बसून राहिली. मग चैत्रातल्या एका दुपारी पारूला म्हणाली, "कडूबाईकडं जाऊन येते गं. ओळी मोजत जाईन."

कडूबाई तिची पन्नास वर्षांची शेजारीण. ठकूबाई तिच्यापर्यंत पोचलीच नाही. उन्हात ओळी मोजता मोजता चुकली, परत फिरली आणि आपलंच समजून एका दाराशी आली. ते दार नेमकं पारूच्या घरामागचं होतं. माणसं रानात गेलेली, दाराला कुलूप. ठकूबाई दार वाजवत राहिली, "पारू, दार उघड गं."

मधे आठ हातांची गल्ली आणि ती बंद भिंत. भिंतीच्या अलीकडं पारू भाकरी थापत होती. तिला थापा ऐकू आल्या, शब्द कळले नाहीत. वाटलं, मागच्यांकडं कुणी पाहुणा आलाय. थोड्या वेळानं थापा थांबल्या.

दिवस कलल्यावर रानातली माणसं परतली, तेव्हा ठकूबाई त्यांच्या दाराला टेकून बसलेली होती. अंग गार झालं होतं.

तेरावा झाला आणि पारूनं पहार उचलली. नवरा आडवा आला. ती म्हणाली, "मला ऐकू आलं होतं. दिसलं असतं तर उठले असते." तिनं भिंत फोडली आणि शपथ घेतली, की दुपारी मागच्या घराला हाक मारल्याशिवाय आणि तिकडून ओ आल्याशिवाय घास घेणार नाही.

ओव्हरसियर आला. म्हणाला, "बाई, नकाशात हे नाही."

"नकाशात आमची सासू पण नव्हती," पारू म्हणाली.

त्यानं भगदाड बुजवलं. तिनं पुन्हा फोडलं. तो गवंडी घेऊन दुसऱ्यांदा आला, तेव्हा कडूबाईनं आपल्या घराची भिंत फोडायला घेतली होती, सत्तरीच्या वयात. तिच्यामागून ओळच्या ओळ उठली. आठवड्याभरात बंद भिंत राहिली नाही असं सांगतात. ओव्हरसियर परत आला नाही.

पुढं धरणाच्या वरच्या अंगाला दुसरी वसाहत झाली. तिच्या नकाशात साहेबांनी मागच्या भिंतीला झरोका दिला, सगळ्या घरांना सारखा. पुरुषभर उंचीवर, वर सिमेंटची जाळी. हवेसाठी. तिथं कुणी कुणाला हाक मारत नाही.

पारू म्हातारी होऊन गेली, पण नेम मोडला नाही. आमच्या सुना आजही दुपारी भगदाडाशी उभ्या राहतात. "हायेस का गं?" हाक मागच्या ओळीत जाते, तिथून ओ येते, मग ताटं वाढतात. पण आता निम्म्या घरांना कायमची कुलपं आहेत, माणसं पोटासाठी शहरात गेली. माझ्या मागचं घर सहा वर्षं बंद आहे. नेम तर मोडायचा नाही. म्हणून मी हाक मारते, थोडी थांबते, आणि "हाय गं बाई" असं माझं मीच म्हणून जेवायला बसते.