निघतानाची घरभरणी

एकदा एका व्यापाऱ्याला स्वतःचंच घर विकता येईना. घर काही पडीक नव्हतं हो. डोंगरात, तळ्याच्या अगदी काठावर, जुनं दगडी बांधकाम आणि त्यावर दोन वर्षं खपून चढवलेला नवा साज. गुळगुळीत संगमरवर, सागवानी छत, पाण्यावर झुकलेला सज्जा. गिऱ्हाइकं यायची, हरखून जायची, आणि व्यवहार ठरायच्या बेतात आला की पाठ फिरवायची.

शेवटी त्याने एका वृद्ध आचार्यांना गाठलं. म्हणाला, "घरात काही दोष असेल तर काढून द्या. बायकोच्या हौसेसाठी हे सगळं केलं आणि घर पुरं व्हायच्या आधीच ती गेली. तिला एक दिवससुद्धा तिथलं सुख मिळालं नाही. गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरतं जातो, एरवी मला तिथे पाऊल टाकवत नाही. एकदाचं विकलं की सुटलो."

आचार्य शिष्याला घेऊन तिथे गेले, तेव्हा एक जोडपं घर पाहायला आलं होतं. आचार्य कोपऱ्यात बसून ऐकत राहिले. त्या बाईंना घर मनापासून आवडलं होतं. तेवढ्यात व्यापारी आपणहून म्हणाला, "पावसाळ्यात ओल येते बरं का. आणि तळ्यावरचे डास तर विचारू नका." नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि चहा न घेताच गाडी काढली.

"पाहिलंत? दर वेळी असंच होतं," व्यापारी हताशपणे म्हणाला.

शिष्याला हसू आवरेना. आचार्यांनी मात्र शांतपणे विचारलं, "शेठजी, या घराची घरभरणी केली होती?"

"नाही. करणार कुणासाठी?"

"मग येत्या गुरुवारी करू. ज्यांचे ज्यांचे हात या घराला लागले, त्या सगळ्यांना जेवायला बोलवा."

परतताना शिष्य चुळबुळत होता. घरभरणी राहायला येताना करतात. घर विकायला निघालेल्या माणसाने ती करावी, हा काय प्रकार? आचार्यांचं आता वय झालं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

गुरुवारी गवंडी, सुतार आपापल्या घरच्यांना घेऊन आले. पुरुषांना टोपी-उपरणं, बायकांना खण-नारळ झाले आणि पंगत बसली. जेवता जेवता तुळशीराम गवंड्याची बायको हौसा म्हणाली, "बाईसाहेब असत्या तर आज पिठलंच करायला लावलं असतं त्यांनी."

व्यापारी चमकला. "पिठलं?"

"अवो शेठ, दर आठवड्याला यायच्या त्या. तुमाला सांगायच्या डॉक्टरकडं जाते, आन गाडी इकडं. छप्परबी नव्हतं तवा. तीन दगडांची चूल मांडून मी पिठलं टाकायची. सिमेंटच्या गोणीवर बसून तळ्याकडं बघत पोटभर जेवायच्या."

तुळशीराम म्हणाला, "ती खिडकी तीनदा खाली घ्यायला लावली मला. बसल्या जागेवरनं पाणी दिसलं पायजे म्हणायच्या. शेवटच्या खेपेला तिथं टेकून बसल्या आन म्हणाल्या, झालं माझं घर. बाकीचं सावकाश करा."

व्यापाऱ्याचा हात ताटातच थांबला. चारचौघांत त्याला रडू फुटलं, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. तो उठला, त्या दोघांपुढे हात जोडून वाकला. "माझ्या बायकोला तुम्ही जेवू घातलंत. तुमचे उपकार मी कसे फेडू?"

वाटेत शिष्याने विचारलं, "आचार्य, मग दोष होता तरी कुठे?"

आचार्य म्हणाले, "घरात नव्हता रे. आपल्या पत्नीला घर मिळालंच नाही, अशी त्याची समजूत होती. जे मिळालंच नाही असं वाटतं, ते माणसाच्याने सोडवत नाही. म्हणून तो विकायला निघायचा आणि स्वतःच गिऱ्हाईक परतवायचा. आज त्याला कळलं, तिला मिळालं होतं. मिळालेल्याबद्दल आभार मानता येतात, आणि आभार मानून झाले की हात आपोआप मोकळा होतो."

पुढच्या महिन्यात घर विकलं गेलं. किल्ली हातात देताना व्यापारी नव्या मालकिणीला म्हणाला, "आनंदाने राहा. आमची ही इथे फार सुखात होती."