जुळले ते पुसले

एकदा एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर एक वृद्ध संकलक काम करीत असे. शूटिंगमध्ये टिपलेली दृश्ये सुटी सुटी येतात, कशीही, कोणत्याही क्रमाने येतात. त्यांतले नको ते गाळून आणि हवे ते जोडून गोष्ट उभी करायची, हे संकलकाचे काम. सारी हयात या कामात घालवलेल्या त्या माणसाला सगळे आप्पा म्हणत. खाली गिरणीचा पट्टा फिरू लागला की वरची खोली हलकेच थरथरे आणि ज्वारीच्या पिठाचा उबदार वास जिन्याने वर येई. आप्पा म्हणत, "हा वास आला की बरं वाटतं. आपली मालिका बघणारी माणसं भाकरी खाऊन बघायला बसतात, हे विसरायला होत नाही."

आप्पांपाशी एक तरुण शिष्या होती. पदवी घेऊन आलेली, हाताने चपळ आणि जिभेने त्याहून चपळ. वडीलधाऱ्यांचे ऐकून घ्यावे हे तिला मान्य होते. त्यांनी ते लवकर आटपावे, एवढीच तिची अपेक्षा असे. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास अर्ध्यावर सोडून, घरच्यांशी भांडून ती या खोलीत आली होती. आप्पा एखाद्या दृश्यापुढे हनुवटी हातात धरून बसले की ती खुर्चीत वळवळू लागे.

"आप्पा, दगडसुद्धा एवढा वेळ विचार करत नाही."

"दगडाला घाई नसते. म्हणून तो टिकतो."

"आणि म्हणूनच तो दगड राहतो."

असे त्या दोघांचे बरे चालले होते.

एके दिवशी मालिकेचे निर्माते जिना चढून आले. त्यांना सगळे शेठ म्हणत. शेठनी नुकतेच कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे संकलनाचे यंत्र घेतले होते. यंत्र कसले, संगणकातला एक प्रोग्राम. पण त्याला पटकथा वाचायला दिली आणि सगळे टेक, म्हणजे एकेका दृश्याची पुन्हा पुन्हा केलेली चित्रणे, दाखवली, की चहा निवायच्या आत ते अख्खा भाग जोडून देई. जोडणीही अशी नीटनेटकी की कुठे टाका दिसू नये.

"आप्पा, रागावू नका," शेठ म्हणाले. "मालिकेचा हा शेवटचा भाग यंत्राकडूनही जोडून घ्या आणि तुम्हीही जोडा. शनिवारी मी दोन्ही बघतो. तुमच्यात काही जास्त दिसलं तर पुढची मालिका याच खोलीत. नाही दिसलं तर..." त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडले आणि शिष्येकडे पाहिले. "तुम्ही तर निवृत्तीच्या गोष्टी करताच. पण मग हिला ठेवून मी काय करू? यंत्राचं बटण दाबायला ऑफिसातलं कुणीही पुरे."

शेठ गेले. शिष्येच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले होते. आता परत घरी जायचे आणि 'आम्ही म्हणालो नव्हतो का' हे वाक्य जेवणाच्या प्रत्येक घासाबरोबर ऐकायचे, एवढेच तिला दिसत होते.

"आपण यंत्राचं आधी बघू," ती म्हणाली. "त्याच्यात कच्चं काय आहे ते हेरू आणि त्याच्यावर कडी करू."

"चालव यंत्र," आप्पा म्हणाले. "पण मला दाखवू नकोस. आधी माझं होऊ दे."

तिने यंत्राकडून भाग जोडून घेतला आणि मॉनिटर बंद करून ठेवला. आप्पांनी आपल्या संथ पद्धतीने आपला भाग जोडला. ती शेजारी बसून तळमळत राहिली. शेवटी दोन्ही जोडण्या दोन मॉनिटरांवर शेजारी शेजारी लावल्या. डावीकडे आप्पांची, उजवीकडे यंत्राची.

तिचा जीव भांड्यात पडला. बऱ्याच ठिकाणी आप्पा आणि यंत्र यांचे एकमत झाले होते! तोच शॉट, तीच जागा, पापणी लवते तिथेच कट. यंत्राने म्हणे जगभरातल्या उत्तमोत्तम संकलकांचे काम पाहिलेले. म्हणजे आप्पाही त्यांच्याच रांगेतले. तिला त्यांचा अभिमान वाटला. क्षणभरच.

कारण आप्पांनी चष्मा पुसला, पुढे सरकले आणि जिथे जिथे दोघांचे जुळले होते, तिथले आपले काम एकेक करून पुसू लागले. जिथे जुळले नव्हते, त्या जागा तशाच ठेवल्या.

"आप्पा! अहो, काय करताय?"

"पुसतोय."

"चांगलं झालेलं? शनिवार आलाय तोंडावर आणि तुम्ही... अहो, यंत्रालाही तेच सुचलं म्हणून राग आलाय का तुम्हाला? हा निव्वळ अहंकार आहे, आप्पा. स्पष्ट बोलते, माफ करा. नाहीतर राहू द्या, नकाच करू माफ."

आप्पांनी हात थांबवला. खाली पट्ट्याची फटफट चालू होती.

"राग नाही गं," ते म्हणाले. "या यंत्राने जगातलं सगळं पाहिलंय. त्यामुळे कुठल्याही दृश्यावर बहुतेकांनी काय केलं असतं, ते त्याला अचूक कळतं. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे, खरंच. मला ते आजवर कुणी सांगू शकलं नव्हतं. आता जिथे त्याचं आणि माझं तंतोतंत जुळलं, तिथे दोनच शक्यता. एक तर ती जागा तशीच असायला हवी होती. नाहीतर तिथे मी दृश्य बघितलंच नव्हतं. हाताला सवय होती, हात चालला. यांतलं कुठलं खरं, हे मला बाहेरून कळत नाही. म्हणून पुसतो आणि पुन्हा बघतो."

हे तिला पटले असे नाही. पण तिने तोंड मिटले, आणि तिच्या बाबतीत ते बरेच होते.

पुसलेल्यांत भागाचा शेवट होता. गोष्टीतली मुलगी नोकरीसाठी परमुलखात निघालेली. बाप शिंपी. मुलगी उंबऱ्यात उभी राहून म्हणते, "येते, बाबा." बाप म्हणतो, "पोचलीस की कळव." एवढेच. आप्पा आणि यंत्र या दोघांनीही मुलीच्या "येते"नंतर बापाचा क्लोजअप जोडला होता. भरलेले डोळे, थरथरणारा ओठ. नट कसलेला होता. आप्पांनी बापाचे सगळे टेक पुन्हा लावले. कधी डोळे जास्त भरलेले, कधी कमी. कुठलाच त्यांना हलवेना.

"सगळे छान आहेत," आप्पा पुटपुटले. "आणि सगळे खोटे आहेत. का, ते सांगता येत नाही मला."

शिष्येच्या सहनशक्तीचा बंधारा फुटला. "कारण हा चेहरा कुणी बघतच नाही, आप्पा! दारातून निघणारी मुलगी बापाच्या तोंडाकडे बघते, हे कुणी सांगितलं तुम्हाला? सगळे संकलक बाप असतात वाटतं!"

"तुला कसं ठाऊक?"

"मी निघाले ना घरातून. माझे बाबा दारात उभे होते." ती थांबली. आवाज खाली आला. "मी बघितलंच नाही त्यांच्याकडे. बघितलं असतं तर निघाले नसते."

मग ती एकाएकी पुढे झुकली आणि बाजूला टाकलेले टेक धुंडाळू लागली. नापास टेकांमध्ये एक होता. मुलीचे काम करणारी नटी ऐन वेळी खाली वाकून सँडलचा पट्टा लावत बसली होती. पट्टा लागलेला होता, तरी ती पुन्हा काढून लावत होती. बापाचा आवाज वरून येतो, "पोचलीस की कळव," आणि ती मान हलवते, वर न पाहता. चेहरा दिसत नाही म्हणून यंत्राने तो टेक गाळला होता. आप्पांनीही त्याच कारणासाठी गाळला होता.

तिने तो टेक शेवटी जोडला. बापाचा चेहरा कुठेच नाही. फक्त आवाज, पट्टा आणि वाकलेली मान.

आप्पांनी तो एकदाच पाहिला. "जोडलंस," ते म्हणाले. एवढेच म्हणाले, पण तिला दिवसभर पुरले.

काम पुढे सरकले. निरोपाच्या जेवणाचे एक दृश्य होते. त्यात एक ठसकेबाज आत्या पंगतीत सर्वांना बजावते, "मी रडणारी नव्हे हं, सांगून ठेवते!" आणि लगेच पुढच्या शॉटमध्ये स्वयंपाकघरात श्रीखंडाच्या पातेल्यावर वाकून हुंदके देते. इथेही दोघांचे जुळले होते. आप्पांनी ते आधीच पुसले होते आणि आता दुसरे काहीतरी बसवू पाहत होते. आधी पाहुण्यांचे चेहरे, मग रिकामी पंगत, मग अंगण. तिने त्यांचे मनगट धरले.

"इथे जे पुसलंत, तेच परत लावा."

"जुळलं होतं ते."

"जुळू दे की. आत्या म्हणाली नाही रडणार, की रडायलाच हवी, तिथल्या तिथे. बघणारा त्याचीच वाट बघत असतो. तुम्ही अंगणात गेलात की हसू वाटेतच मरतं."

"एकदा नियम केला की पाळावा, बाई."

"मग तुमच्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला?" ती उसळली. "त्याला वाटतं, सगळ्यांना सुचतं ते बरोबर. तुम्हाला वाटायला लागलंय, सगळ्यांना सुचतं ते चूक. दृश्य दोघांनीही बघितलं नाही. तुमचा नियमसुद्धा आता यंत्रच झालाय, आप्पा!"

बोलून झाल्यावर तिला वाटले, आज आपण जास्तच बोललो. आप्पा तिच्याकडे पाहत राहिले. मग ते हसू लागले, आणि असे हसले की ठसका लागून तिला तांब्याभांडे पुढे करावे लागले.

"दोन शक्यता आहेत म्हणून तुला सांगितलं मीच," पाणी पिऊन ते म्हणाले, "आणि त्यातली पहिली विसरलो मीच. हात सोड आता. लावतो परत."

आत्या पुन्हा पातेल्यावर वाकून रडली. दोघेही खळखळून हसले, हजारदा पाहिलेले असूनही.

शनिवारी शेठ आले. आधी यंत्राची जोडणी पाहिली. "स्वच्छ आहे," ते म्हणाले. मग या दोघांची लावली. आत्याच्या जागी ते मोठ्याने हसले, आणि शिष्येने आप्पांकडे असा एक कटाक्ष टाकला की त्यांनी निमूटपणे छताकडे पाहिले. शेवटचे दृश्य आले. संपले. शेठ भुवया आक्रसून म्हणाले, "अहो, बापाचा चेहरा कुठाय? एवढा मोठा नट काय आवाजापुरता घेतला होता?"

आप्पांनी शिष्येकडे पाहिले. तिने सरळ सांगून टाकले.

"तिने बघितला नाही, शेठ. म्हणून आपल्यालाही दिसत नाही."

शेठ पुन्हा पडद्याकडे वळले. खालून पट्ट्याचा आवाज येत राहिला.

"माझी धाकटी," ते म्हणाले. "परदेशी निघाली तेव्हा विमानतळावर सोडायला गेलो होतो. मी बोलतोय, आणि ही आपली बॅगेची चेन लावतेय. लावायची, उघडायची, परत लावायची. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, पोरीला आपलं काहीच वाटलं नाही बघ." त्यांनी रिकाम्या पडद्याकडे बोट केले. "परत लावा ते."

परत लावले. पाहून झाल्यावर शेठ उठले. "पुढची मालिका इथेच होईल," ते म्हणाले. "यंत्र मात्र काढून घेतो. तुम्हाला त्याची काय गरज?"

"नको, राहू द्या," शिष्या घाईने म्हणाली. "लागतं आम्हाला."

"कशाला?"

"पहिल्यांदा काय सुचणार, ते त्याच्याकडून कळतं. मग आम्ही बघायला लागतो."

शेठना ते किती समजले कोण जाणे. जिना उतरता उतरता त्यांनी मुलीला फोन लावला होता, एवढे मात्र वरपर्यंत ऐकू आले.

काही दिवसांनी नव्या मालिकेची पहिली दृश्ये आली. शिष्येने यंत्राची जोडणी आणि आपली जोडणी शेजारी शेजारी लावली. एका ठिकाणी दोन्ही जुळल्या होत्या. ती त्या जागेपुढे हनुवटी हातात धरून बसली. पुसावे की ठेवावे? वेळ गेला. ज्वारीचा वास जिन्याने वर आला. शेजारच्या खुर्चीत आप्पा वळवळू लागले.

"दगडसुद्धा एवढा वेळ..."

"गप्प बसा हो, आप्पा. बघतेय मी."

आणि आप्पा अगदी समाधानाने गप्प बसले.

पहिल्या झटक्यात सुचते ते बहुधा सर्वांचेच असते. ते ठेवायचे की पुसायचे, हे मात्र ज्याचे त्याने पुन्हा एकदा पाहूनच ठरवावे लागते.